होडीच्या इंजिनाचं पाणी

रविवारी सकाळी आमच्या घरात दोनच गोष्टी ठरलेल्या असायच्या, आधी विहार आणि मग इंजिन. विहारातून आल्यावर बाबा पांढरा सदरा काढून खुंटीला लावायचे, डिझेलचे डाग पडलेली खाकी पँट चढवायचे आणि मला म्हणायचे, "चाल माय, पाण्याकडे जाऊन येऊ." मग विश्रांतवाडीहून येरवड्याच्या दिशेने आमची सायकल निघायची. बाबा पुढे, मी मागे कॅरिअरवर, मांडीवर पान्यांची पिशवी. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. कॅरिअरवर बसायचं ते वय नव्हतं, आणि ओळखीचं कुणी दिसलं की मी पिशवीत तोंड घालून काहीतरी शोधायचं सोंग करायची. पण उतार लागला, वारा तोंडावर यायला लागला की माझे डोळे आपोआप मिटायचे. नदी आली हे मला आधी वासाने कळायचं.

पुण्याच्या नदीबद्दल कुणी प्रेमाने बोलत नाही. पुलावरून जाताना लोक नाकाला रुमाल लावतात आणि काचा वर करतात. मी मात्र त्या नदीच्या प्रेमात होते, आणि हे मी कॉलेजात कुणाला सांगितलं असतं तर माझी चांगलीच टिंगल झाली असती. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला तेव्हा जलपर्णी इतकी माजायची, की पाणी दिसायचंच नाही. हिरवं माळरान पसरलेलं वाटायचं, आणि त्यावर फिकट जांभळी फुलं. त्या माळरानावर बगळे चालायचे. हिवाळ्यात सकाळी सगळ्यावर धुकं उतरलेलं असायचं आणि त्या धुक्यातून आमची लाँच हळूहळू दिसायला लागायची.

आमची म्हणजे ठेकेदाराची. नदीतली जलपर्णी काढायचा ठेका ज्यांनी घेतला होता ते नारायण पेठेत राहायचे, स्कूटरवरून यायचे आणि चष्म्याच्या वरून बघायचे. त्यांनी कुठूनतरी एक जुनी लाँच आणली होती. ती जलपर्णीत घुसायची, मजूर आकड्यांनी वेल ओढून दोराला बांधायचे आणि तो सगळा हिरवा लोंढा लाँच काठाला ओढून आणायची. लाँच बरी होती, इंजिन मात्र सारखं तापायचं. ते तापू नये एवढंच बाबांचं काम.

बाबा तरुणपणी विदर्भातल्या आमच्या गावाहून पुण्यात आले ते इंजिनाच्या कारखान्यात फिटर म्हणून. चोवीस वर्षं त्यांनी डिझेल इंजिनं जोडली. मग देशात सगळं नवं यायला लागलं, कारखान्यातही नवी मशीनं आली, आणि बाबांच्या पूर्ण खात्याला स्वेच्छानिवृत्तीचे कागद मिळाले. बाबा तेव्हा पन्नाशीचे होते. निरोपाच्या समारंभात त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्या माणसाला आता कुठेच वेळेवर पोचायचं नव्हतं त्याला घड्याळ देणं ही खास पुणेरी थट्टा असावी, असं मला वाटलं होतं. घरी बसलेले बाबा मला बघवत नव्हते. ते नळ दुरुस्त करायचे, शेजाऱ्यांचे नळ दुरुस्त करायचे, आणि मग गल्लीत दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. म्हणून लाँचचं काम आलं तेव्हा आईने साखर वाटली होती. नदीवर लोक त्यांना पुन्हा "मिस्त्री" म्हणायला लागले. तो एक शब्द कानावर पडला की त्यांची पाठ सरळ व्हायची.

इंजिन कसं थंड होतं ते त्यांनी मला पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. होडीच्या इंजिनात दोन पाणी असतात. एक आतलं, स्वच्छ, ते इंजिनाच्या पोटातून फिरत राहतं आणि तापतं. दुसरं नदीचं. ते तळाच्या भोकातून वर येतं, गाळणीच्या डब्यातून जातं, पंपातलं रबरी चक्र त्याला पुढे ढकलतं आणि ते तांब्याच्या बारीक नळ्यांच्या जुडग्यातून वाहतं. त्या नळ्यांच्या बाहेरून आतलं पाणी फिरत असतं. दोन्ही पाणी एकमेकांना कधी भेटत नाहीत, मध्ये फक्त तांब्याचा पातळ पत्रा. पण आतलं आपली उष्णता बाहेरच्याला देतं, आणि बाहेरचं ती घेऊन धुराच्या नळीतून मागे नदीत पडतं. मला हे ऐकून काय वाटलं ते सांगता येणार नाही. त्या रात्री झोपताना मी डोळ्यांपुढे ती दोन पाणी आणत राहिले, एकमेकांना न शिवता एकमेकांजवळून जाणारी.

माझं काम सोपं होतं. तापमान दाखवणारा काटा केव्हाच मेला होता आणि नवा घ्यायचं नाव ठेकेदार काढत नव्हते. त्यामुळे इंजिनाची तब्येत कळायची ती फक्त मागच्या नळीतून पडणाऱ्या पाण्यावरून. मी होडीच्या शेपटाकडे पालथी पडून खाली बघायची. नळीतून पाणी धबाधबा उड्या मारत आलं की सगळं ठीक. बाबा इंजिनाच्या खोक्यात डोकं घालून ओरडायचे, "पाणी येऊन राहिलं का?" आणि मी ओरडायची, "येऊन राहिलं!" कॉलेजात मी "येतंय", "करतेय" असं अगदी पेठी बोलायची, कारण पहिल्या वर्षी माझ्या "येऊन राहिलं"ला मैत्रिणी हसल्या होत्या. नदीवर मात्र मी मोकळेपणाने गावाकडचं बोलायची. त्या उड्या मारणाऱ्या पाण्याकडे बघत मी तासन् तास स्वप्नात असायची. कधी ते पाणी समुद्राला मिळेपर्यंत मी त्याच्याबरोबर जायची, कधी मला वाटायचं हे असंच चालू राहावं, बाबांनी विचारत राहावं आणि मी सांगत राहावं.

नदीचं पाणी आत घ्यायचं म्हणजे नदीत जे जे आहे ते घ्यायचं. जलपर्णीची केसाळ मुळं, प्लॅस्टिकच्या पिशव्या, निर्माल्यातले दोरे. गाळणीचा डबा दर अर्ध्या तासाने, इंजिन थांबवून, उघडून साफ करावा लागायचा. बाबा तळाशी पालथे पडायचे, डब्याचे नट हाताने पिळून सोडवायचे, आतली जाळीची टोपली काढायचे आणि नदीतच खळखळून धुवायचे. पन्नाशीच्या माणसाने दिवसातून दहा-पंधरा वेळा असं पालथं पडायचं आणि उठायचं. उठताना त्यांचा हात कमरेवर जायचा, आणि मी बघतेय असं दिसलं की तो हात ते पटकन खिशात घालायचे.

एकदा ठेकेदारांनी बाबांना सांगितलं, "मिस्त्री, पुढच्या रविवारी साहेब लोक पाहणीला येणार आहेत. इथून संगमाच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. मध्ये इंजिन थांबवायचं नाही. थांबलं तर ठेका जाईल, आणि ठेका गेला तर मला इंजिन नको आणि मिस्त्रीही नको. आपण समजदार आहात." ते चष्मा पुसत अगदी शांतपणे हे बोलले. बाबांनी फक्त मान हलवली. घरी येताना सायकल चढावर असूनही ते उतरले नाहीत, तसेच धापा टाकत पायडल मारत राहिले. त्यांचं मिस्त्रीपण त्या एका फेरीवर टांगलेलं होतं, आणि ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

तो आठवडा आमच्या घरात सणासारखा गेला. नळ्यांचं जुडगं बाबांनी सोडवून घरी आणलं आणि मोरीत ठेवलं. आई म्हणाली, "तुमचं इंजिन माह्या मोरीत काहून?" पण म्हणता म्हणता तिने चिंच भिजत घातली. विहाराची पितळी समई आणि घरचा तांब्याचा हंडा ती चिंचेनेच घासायची, आणि तिच्या मते तांबं म्हणजे तांबं. दोन दिवस ते जुडगं चिंचेच्या कोमट पाण्यात होतं. मग आम्ही तिघांनी बारीक काड्यांना सुती चिंधी गुंडाळून एकेक नळी आतून पुसली. आतली शेवाळी खपली निघून तांब्याचा गुलाबी रंग वर आला तेव्हा आई बराच वेळ ते जुडगं हातात धरून बसली होती. बाबांनी एक टोक बूच मारून बंद केलं, दुसऱ्या टोकाला सायकलचा पंप लावला आणि ते पाण्याच्या पिंपात बुडवलं. पंक्चरवाला ट्यूब बघतो तसं आम्ही तिघं पिंपात डोकी घालून बुडबुडा शोधत होतो. एकही आला नाही. पंपाचं रबरी चक्र त्यांनी नवं आणलं, त्याच्या पाकळ्यांना साबणाचं पाणी लावून ती एकाच दिशेला वाकवून बसवली. सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने केलं. फक्त गाळणीचा डबा तेवढा राहिला. शनिवारी दुपारी नदीवर ते इंजिनाचे पट्टे आवळत होते तेव्हा मला म्हणाले, "डबा तू बसव. तुले येते आता."

आता फडक्याचं सांगायला हवं. आमच्या घरात नळाला फडकं बांधायची रीत होती. पुण्यात बऱ्याच घरांत असते, पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की बांधतात. आमच्याकडे ते बारा महिने असायचं. बाबांच्या आजोबांना गावच्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. कुणी वरून ओतेल तेवढं ओंजळीत घ्यायचं. त्यामुळे विश्रांतवाडीच्या घरात पहिल्यांदा नळ आला तेव्हा आईने त्याला हळदीकुंकू वगैरे काही केलं नाही, तर बाबांच्या विहाराच्या जुन्या सदऱ्याचा पांढरा स्वच्छ तुकडा दुहेरी करून त्याच्या तोंडाला बांधला. पाण्याचा मान ठेवायची तिची ती तऱ्हा होती. तुकडा मळला की नवा. तो कसा बांधायचा, गाठ कुठे घ्यायची, हे तिने मला लहानपणीच शिकवलं होतं. घरात येणारं पाणी फडक्यातून आलं की ते चांगलं, एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

म्हणून शनिवारी नदीवर जाताना मी तसा एक तुकडा पिशवीत टाकला होता. मला फक्त एवढंच दिसत होतं की उद्या साहेबांच्या समोर बाबांना पालथं पडावं लागू नये. मुळं आणि घाण फडक्यावरच अडतील, जाळी स्वच्छ राहील, आणि एका फेरीपुरतं तर नक्कीच निभेल. मी टोपली धुतली, फडकं दुहेरी करून तिला गुंडाळलं, आईच्या पद्धतीने गाठ मारली, टोपली डब्यात सोडली आणि झाकणाचे नट घट्ट पिळले. बाबांना सांगितलं नाही. उद्या सगळं नीट झालं की मग सांगायचं आणि त्यांचा चेहरा बघायचा, असं मी ठरवलं होतं. त्या वेळी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

रविवारी विहार चुकला. दोन साहेब आले, एकाने नाकाला रुमाल लावलेला. ठेकेदारांनी इंजिनाच्या खोक्यावर झाकण टाकून वर गादी आणि फुलाफुलांची चादर घातली होती, साहेबांना आवाजाचा त्रास नको म्हणून. बाबांना ते आवडलं नाही, कारण झाकण बंद असलं की त्यांना इंजिन ऐकू यायचं नाही. पण ते गादीशेजारी उकिडवे बसले आणि चादरीखालून झाकणावर तळवा टेकवून राहिले. ठेकेदार चाकावर होते. मी नेहमीच्या जागी, शेपटाकडे पालथी. "ही कोण?" साहेबांनी विचारलं. "मिस्त्रींचा काटा आहे तो," ठेकेदार म्हणाले, आणि सगळे हसले.

धुकं विरत होतं. मधली वाट मजुरांनी आदल्या दिवशी मोकळी करून ठेवली होती, दोन्ही बाजूंना जलपर्णी आणि मधून काळंशार पाणी. नळीतून पाणी असं उसळत होतं की मला हसू आलं. संगमाचा पूल आला, लाँच वळली, आणि बाबांनी मान वळवून मला विचारलं, "येऊन राहिलं का?" मी बघितलं. पाणी येत होतं, पण उड्या मारत नव्हतं. नुसतं ओघळत होतं. नदीत नुसती मुळं नसतात, तेलकट चिकट गाळही असतो, आणि तो जाळीतून निघून जातो पण दुहेरी फडक्यातून जात नाही, हे मला त्या क्षणी एकदम समजलं. खरं सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर इंजिन थांबलं असतं, बाबांनी डबा उघडला असता आणि साहेबांसमोर त्यातून माझं फडकं निघालं असतं. मी ओरडले, "येऊन राहिलं!"

बाबांनी मान पुन्हा पुढे वळवली. पुढची काही मिनिटं मी त्या नळीकडे बघत नुसती विनवण्या करत होते, मला वाटतं ओठही हलत असावेत. बगळे उडाले, फुलं मागे सरकत गेली, सगळं इतकं सुंदर दिसत होतं की काही वाईट होणं शक्यच नव्हतं. पाणी थेंबथेंब झालं. मग थेंबही थांबले आणि नळीतून कोरडा धूर यायला लागला. तापलेल्या झाकणावरून बाबांचा तळवा उचलला गेला. त्यांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि या वेळी अगदी हळू विचारलं, "पाणी येऊन राहिलं का, माय?"

मी म्हणाले, "येऊन राहिलं."

आमचा घाट दिसत असताना इंजिनाने दोन आचके दिले आणि ते जाम झालं. चादरीखालून वाफ आली, साहेब टुणकन उठले. आम्ही सगळे नदीच्या मधोमध उभे, आणि काठावरून मजुरांनी जलपर्णी ओढायच्या दोरानेच आम्हाला ओढून आणलं. एरवी मला त्यात गंमत वाटली असती.

घाटावर बाबांनी सगळ्यांदेखत डबा उघडला. टोपलीभोवती काळा चिखल झालेलं फडकं होतं. ठेकेदारांनी ते दोन बोटांनी उचललं. "काय हो मिस्त्री, चहा गाळायचा होता का?" बाबा फडक्याकडे बघत होते. सदऱ्याच्या त्या तुकड्यावर एक काज अजून शाबूत होतं. मी तोंड उघडणार एवढ्यात ते म्हणाले, "माझीच चूक झाली साहेब. मीच बांधलं." ठेकेदार म्हणाले, "चोवीस वर्षं इंजिनांना टोपडीच शिवत होतात काय?" मजूर हसले. बाबांनी फडकं पिळलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. मग पिशवी सायकलला अडकवून मला बसायला सांगितलं. वाटेत ते काही विचारतील म्हणून मी वाट पाहत राहिले. त्यांनी काहीच विचारलं नाही. घरी आई दारात उभी होती, तिला म्हणाले, "इंजिन जुनंच होतं." मी पान्यांची पिशवी आत नेऊन ठेवली.

अशा गोष्टी गावभर व्हायला वेळ लागत नाही. सुट्या भागांच्या दुकानांतून, वर्कशॉपांतून "फडकंवाले मिस्त्री" हे नाव फिरलं. बाबा काम मागायला गेले की समोरचा माणूस आधी गालात हसायचा. काही महिन्यांनी त्यांनी विचारायचं सोडून दिलं आणि एका नव्या सोसायटीच्या गेटवर रखवालदार म्हणून लागले. वहीत येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं लिहायची. निळ्या गणवेशात ते मला पहिल्यांदा दिसले तेव्हा मी रस्ता ओलांडून पलीकडून गेले. त्याची मला आजही लाज वाटते.

मी कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि हडपसरला एका कंपनीत लागले. काचेची इमारत, गळ्यात ओळखपत्र, दुपारी थंडगार हवेत डुलक्या. तिथे माझ्या वाट्याला आलेलं काम मोठं चमत्कारिक होतं. परदेशातल्या कुठल्यातरी जहाजांच्या इंजिनांचं तापमान पडद्यावर दाखवायचं. मी समुद्र फक्त एकदा बघितला होता, पण मला माहीत होतं आत कुठलं पाणी फिरतं आणि बाहेर कुठलं पडतं. कामाच्या कागदात एक ओळ होती, की एखाद्या वेळी यंत्राकडून आकडा आलाच नाही तर पडद्यावर आधीचाच दाखवत राहावं. मी म्हणाले, हे चालणार नाही, आकडा नाही आला तर नाही आला असंच दिसलं पाहिजे. आमचे साहेब म्हणाले, "यार, इट्स ओके, क्लायंटने मागितलंय ना." मी तीन दिवस भांडले. एवढी का चिडलीस, असं सगळे विचारत होते. शेवटी मी म्हणाले तसं झालं. त्या संध्याकाळी बसमध्ये मी ठरवलं की घरी जाऊन बाबांना खरं सांगायचं. घरी बाबा गणवेशाची इस्त्री करत होते. मी जेवले आणि झोपले.

मग एक दिवस कळलं की आमच्या इमारतीच्या जनरेटरसाठी माणूस हवा आहे. तेव्हा वीज सारखी जायची, आणि वीज गेली की मागच्या शेडमधलं भलंमोठं डिझेल इंजिन सुरू व्हायचं. तेही तापायचं. मी बाबांना घेऊन गेले. त्यांनी विहाराचा पांढरा सदरा घातला होता. इमारतीची देखभाल बघणारे गृहस्थ साठीचे, तुळतुळीत दाढी केलेले. त्यांनी बाबांचे कारखान्याचे कागद बघितले, मग बाबांकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू आलं. "नदीवर इंजिनाला फडकं बांधलं होतं ते आपणच का हो?"

बाबा म्हणाले, "हो साहेब, मीच."

ते इतक्या सहज म्हणाले की मला कळलं, हे वाक्य त्यांनी पुष्कळ ठिकाणी म्हटलेलं आहे. मी म्हणाले, "नाही. मी बांधलं होतं. यांना माहीतही नव्हतं. पाणी बंद झालं तेव्हा यांनी मला विचारलं, आणि मी येतंय म्हणून खोटं सांगितलं." एवढं बोलून मला रडू आलं, ओळखपत्र गळ्यात घातलेल्या अवस्थेत, त्या गृहस्थांच्या टेबलासमोर. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "बाई, रडायचं असेल तर बाहेर कूलर आहे, तिथे पेला मिळेल," ते म्हणाले. मग बाबांना म्हणाले, "चला, आपण जनरेटर बघू." शेडमध्ये बाबांनी आधी कशालाच हात लावला नाही. इंजिन चालू करायला सांगून नुसते कान देऊन उभे राहिले. मग रेडिएटरच्या खालच्या रबरी नळीवर तळवा ठेवून म्हणाले, "ही आतून सोलली आहे, पाणी ओढताना चपटी होते." गृहस्थांनी वाकून बघितलं. त्यांनी उद्या आठ वाजता यायला सांगितलं.

बसथांब्यावर आम्ही दोघं शेजारी उभे होतो. हडपसरची वाहतूक वाहत होती, रिक्षा, मोटारसायकली, कंपन्यांच्या पांढऱ्या बस. मला वाटलं होतं ते खूश होतील. ते नुसते रस्त्याकडे बघत होते. एक बस आली, गेली, आम्ही चढलो नाही. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना, बाबा?"

"फडकं माह्या सदऱ्याचं, गाठ तुह्या मायची," ते म्हणाले. "माहीत कसं नसन?"

"मग घाटावरून येताना मले काहून नाही विचारलं? या तीन वर्षांत कधीच कसं नाही विचारलं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, तीन वर्षांत कधीच नव्हता.

"विचारलं होतं ना, माय," बाबा म्हणाले. "होडीतच. दोनदा."